पेशीची साक्ष

आमच्या मंडळाच्या मासिक वाचनास सहसा कविता, आत्मचरित्र, क्वचित एखादे नाटक असते. एका पावसाळ्यातील बैठकीस मात्र भालकीकडील एका जुन्या घराण्यातील गृहस्थ वर्तमानपत्राचे कात्रण घेऊन आले. हळदीतील एका द्रव्याने कर्करोगाच्या पेशी मरतात, असा त्या लेखाचा आशय होता. गृहस्थांच्या भावजयीवर सोलापुरास उपचार चालू होते. त्या औषधांचा त्रास सोसण्यापेक्षा हळदीचा काढा घेतलेला काय वाईट, असे एक मत घरात पडू लागले होते. "तुम्ही लिहिण्यावाचण्यातली माणसं. ह्यात खरं किती, तेवढं सांगा," असे म्हणून त्यांनी ते कात्रण आमच्यापुढे ठेवले.

आम्ही ते दोनदा वाचले. भाषा शुद्ध होती, वाक्ये प्रवाही होती, संशोधकांविषयी आदर होता. तरीही त्यांच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांला देता येईना. लेखात निकाल सांगितला होता, परंतु तो कशावरून लागला हे कोठेही नव्हते. पेशी कोणत्या, त्या कशात वाढविल्या होत्या, त्या मेल्या हे कोणी आणि कशाच्या आधारे ठरविले, यांतील एकाही गोष्टीचा उल्लेख नव्हता. हा दोष विज्ञानाचा नाही, लेखनाचा आहे. म्हणूनच त्याची चर्चा साहित्यविषयक पत्रिकेत करावी असे आम्हांला वाटते.

'पेशी' हा शब्द आमच्या घराण्यांतील वडीलधाऱ्यांच्या कानांवर प्रथम पडला तो जीवशास्त्राच्या पुस्तकातून नव्हे. निजामाच्या अमदानीत अदालतीतील सुनावणीला पेशी म्हणत, आणि उद्या गुलबर्ग्यास पेशी आहे असे म्हटले की सगळे घर समजून जाई. शरीरातील पेशी संस्कृतातून आली आणि अदालतीतील पेशी फारसीतून. दोहोंचा एकमेकींशी संबंध नाही. परंतु प्रयोगशाळेतील काम समजून घेण्यास हा योगायोग आम्हांला उपयोगी वाटला. पेशी जिवंत आहे की मृत, हे डोळ्यांनी थेट दिसत नाही. एखादा रंग, एखादी प्रतिक्रिया साक्षीला बोलवावी लागते. ती साक्ष असते, निकाल नसतो. साक्षीची उलटतपासणी झाल्यावाचून निकाल मानू नये, हे वतनाच्या आणि जमिनीच्या दाव्यांत पिढ्या घालविलेल्या घराण्यांना निराळे सांगावयास नको.

ही साक्ष कशी घेतात ते पाहू. सर्वांत साधी रीत ट्रायपॅन ब्ल्यू नावाच्या निळ्या रंगाची. जिवंत पेशीचे आवरण अभंग असते, म्हणून हा रंग आत शिरत नाही. मृत पेशीचे आवरण फाटलेले असते, ती निळी होते. पेशींचा द्रव आणि रंग सारख्या प्रमाणात मिसळून त्यांतील थेंब आखीव चौकोनांच्या काचेवर ठेवतात. त्या काचेवरील मोठा चौकोन प्रत्येक बाजूस एक मिलिमीटरचा आणि त्यावरील पोकळी दशांश मिलिमीटर खोल असते. सूक्ष्मदर्शकाखाली त्या चौकोनातील निळ्या व बिनरंगी पेशी मोजावयाच्या, संख्येला १०,००० ने गुणावयाचे आणि रंगामुळे आलेल्या पातळपणाचा हिशेब धरावयाचा, की एका मिलिलिटरमध्ये किती जिवंत व किती मृत ते कळते. पण हा साक्षीदार सांगतो ते इतकेच, की घराचे दार शाबूत आहे. आत चूल पेटते की नाही, हे तो सांगत नाही. मरणाच्या वाटेला लागलेली पेशीही काही तास या रंगाला दाराशीच अडवून धरते.

दुसरी रीत चुलीविषयी विचारणारी आहे. टिम मॉसमन यांनी ती १९८३ साली मांडली. एमटीटी नावाचे पिवळे द्रव्य पेशींना देतात. चयापचय चालू असलेली पेशी त्याचे जांभळ्या स्फटिकांत रूपांतर करते. ते स्फटिक विरघळवून रंग किती गडद झाला हे उपकरणाने मोजतात. हातात मावेल अशा लांबट प्लॅस्टिकच्या प्लेटमध्ये ९६ खळगे असतात, म्हणून एकाच वेळी अनेक औषधे आणि अनेक मात्रा तपासता येतात. यामुळेच ही रीत जगभर पसरली. तिसरी रीत सर्वांत संथ. एकेकटी पेशी दूरदूर पसरवून ठेवावयाची आणि दिवसांमागून दिवस वाट पाहून तिच्यापासून वसाहत उभी राहते की नाही ते बघावयाचे. पक व मार्कस या संशोधकांनी १९५६ साली क्ष-किरणांचा पेशींवरील परिणाम याच रीतीने मोजला. किरण लागलेली पेशी काही दिवस दार शाबूत ठेवील, चूलही पेटती ठेवील, परंतु तिच्यापासून दुसरी पेशी होणार नाही.

कलबुर्गी जिल्हा तुरीचा. तेथील शेतकऱ्याला हा भेद समजावून सांगण्याची गरज पडणार नाही. पेरणीपूर्वी तो शंभर दाणे मोजून ओल्या गोणपाटात गुंडाळतो आणि काही दिवसांनी कोंब मोजतो. दाणा वरून टपोरा दिसणे निराळे आणि त्याला कोंब येणे निराळे, हे त्याला पक्के ठाऊक असते. बीज-परीक्षेच्या प्रयोगशाळेत कोंबाची वाट न पाहता दाणा भिजवून, चिरून एका बिनरंगी द्रावणात ठेवतात, आणि त्यातील जिवंत भाग लाल होतो. जर्मनीतील गेओर्ग लाकोन यांनी १९४० च्या दशकात रूढ केलेली ही चाचणी. तिच्यातील द्रव्य आणि मॉसमन यांचे पिवळे द्रव्य एकाच कुळातील आहेत. दोन्ही टेट्राझोलियम क्षार. म्हणजे मुंबईच्या प्रयोगशाळेतील कर्कपेशीला जो प्रश्न विचारतात, तोच तुरीच्या दाण्यालाही विचारतात. मराठीत हे सांगण्यासाठी शब्द उसने आणावे लागत नाहीत. आम्ही वाचलेल्या कोणत्याही लोकप्रिय लेखात मात्र हा सांधा कोणी जोडलेला आढळला नाही.

आता त्या कात्रणाकडे वळू. मूळ संशोधनात बहुधा एवढेच असते की, अमुक मात्रा अमुक तास दिल्यावर जांभळा रंग इतक्या टक्क्यांनी कमी आला. मराठीत येताना त्याचे 'पेशी मेल्या' असे होते. या एका क्रियापदात तीन प्रश्न गडप होतात. रंग कमी येण्याचे कारण मरण असेल, किंवा पेशींची वाढ नुसती थांबली असेल. संख्या वाढली नाही तरी रंग कमीच येतो. दुसरे, वनस्पतींच्या अर्कांतील काही द्रव्ये पेशींच्या मदतीवाचून स्वतःच पिवळ्याचे जांभळे करतात, आणि मग मेलेल्या पेशीही जिवंत भासतात. म्हणून काळजीपूर्वक काम करणारा संशोधक पेशी नसलेल्या खळग्यात नुसता अर्क घालूनही पाहतो. तिसरे, तीच मात्रा निरोगी पेशींना दिली होती काय, आणि तेवढी मात्रा माणसाच्या रक्तात कधी पोहोचू शकते काय? ज्या लेखात या तिन्हींपैकी एकाचेही उत्तर नाही, त्याचा लेखक साक्षीदाराला एकही प्रश्न न विचारता निकाल वाचून दाखवीत असतो.

हळदीच्या बाबतीत तर हे अधिक खटकते. जखमेवर हळद लावण्यावरील अमेरिकी पेटंट १९९५ साली दिले गेले. वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेने, डॉ. रघुनाथ माशेलकर तिचे महासंचालक असताना, जुने छापील पुरावे पुढे ठेवले, आणि १९९७ साली ते पेटंट रद्द झाले. मराठी वाचकाला त्या विजयाचा अभिमान आहे आणि तो योग्यही आहे, परंतु तो दावा अभिमानावर जिंकलेला नव्हता. पुढे २०१७ साली 'जर्नल ऑफ मेडिसिनल केमिस्ट्री' या नियतकालिकात हळदीतील कर्क्युमिन या द्रव्यावरील संशोधनाचा विस्तृत आढावा प्रसिद्ध झाला. हे द्रव्य अस्थिर आहे, शरीरात फार थोडे शोषले जाते, आणि निरनिराळ्या प्रकारच्या चाचण्यांत खोटा होकार देण्याकडे त्याचा कल आहे, असे त्या आढाव्याचे म्हणणे होते. पेटंटाची बातमी मराठीत घरोघर पोहोचली. या आढाव्याची ओळख आमच्या मंडळात कोणालाच नव्हती.

साक्षीइतकेच महत्त्व साक्षीदाराच्या ओळखीला आहे. येथे डॉ. कमल रणदिवे यांचे नाव घेणे भाग आहे. १९१७ साली पुण्यात जन्मलेल्या, हुजूरपागेत आणि फर्ग्युसन महाविद्यालयात शिकलेल्या या विदुषीने एम.एस्सी.साठी सीताफळाच्या कुळातील वनस्पतींच्या पेशींचा अभ्यास केला. १९४९ साली डॉ. वसंत खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली डॉक्टरेट मिळविल्यावर त्यांनी अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्स येथे जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत ऊतक संवर्धनाचे काम केले. परतल्यावर, १९६० च्या दशकात, मुंबईच्या इंडियन कॅन्सर रिसर्च सेंटरमध्ये भारतातील पहिली ऊतक संवर्धन प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. त्यांच्यावरील मराठी टिपणांत हे तपशील येतात, १९८२ सालच्या पद्मभूषणाचा उल्लेख येतो, स्त्री म्हणून त्यांनी केलेल्या वाटचालीचे कौतुकही येते. हे सर्व उचितच आहे. परंतु ऊतक संवर्धन म्हणजे त्या रोज नेमके काय करीत, हे त्यांतून कळत नाही. सत्कारसमारंभातील परिचय आणि कर्तृत्वाची ओळख यांत जे अंतर असते, ते या लेखनात भरून निघालेले नाही.

ज्या गाय यांच्या प्रयोगशाळेत त्या गेल्या, तेथेच १९५१ साली हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय स्त्रीच्या गर्भाशयमुखाच्या कर्करोगातून घेतलेल्या पेशी प्रथम अखंड वाढत राहिल्या. तिची संमती घेतलेली नव्हती, आणि त्याच वर्षी ती वारली. 'हेला' नावाने त्या पेशी जगभर गेल्या. तिच्या वारसांनी एका मोठ्या कंपनीविरुद्ध केलेल्या दाव्यात तडजोड झाली ती २०२३ साली. या पेशी इतक्या जोमदार होत्या की दुसऱ्या पेशींच्या बाटल्यांत शिरून त्यांनी मूळ पेशींची जागाच बळकावली. १९६६ साली स्टॅन्ली गार्टलर यांनी दाखवून दिले की, निरनिराळ्या अवयवांच्या म्हणून वापरल्या जाणाऱ्या अनेक पेशी प्रत्यक्षात हेलाच आहेत. यकृताची म्हणून साक्ष घ्यावी आणि साक्षीदार भलताच निघावा, असा तो प्रकार. यामुळेच पेशींची ओळख पटवून त्यांचा संग्रह सांभाळणे हे आज स्वतंत्र काम झाले आहे. पुण्यात १९८६ साली राष्ट्रीय सुविधा म्हणून सुरू झालेली आणि आज राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र म्हणून ओळखली जाणारी संस्था देशभरच्या संशोधकांना पेशी पुरविते. पेशीचे नाव आणि ती कोठून आणली हे न सांगणारा लेख अर्ध्या पत्त्याच्या टपालासारखा असतो.

आता साहित्याविषयी, म्हणजे प्रयोगशाळेतील साहित्याविषयी. पेशी ज्या द्रवात वाढवितात त्याला परिभाषेत माध्यम म्हणतात. त्यात साखर, क्षार, अमिनो आम्ले, जीवनसत्त्वे असतात. बहुधा एक तांबूस गुलाबी रंगही असतो. आम्लता वाढून द्रव पिवळा पडला की तो बदलण्याची वेळ झाली असे समजतात. उष्णता ३७ अंश राखतात. या सर्वांत अनेकदा सुमारे दहा टक्के रक्तद्रव मिसळलेला असतो, आणि तो गाईच्या पोटातील न जन्मलेल्या वासराच्या रक्तापासून काढलेला असतो. मराठी लेखांत याला 'विशेष पोषक द्रव्य' असे सोवळे नाव मिळते. वाचकाच्या भावना दुखावू नयेत हा हेतू आम्ही समजू शकतो. परंतु रक्तद्रवाच्या प्रत्येक खेपेचे गुण थोडे निराळे असतात, त्यामुळे निष्कर्षही बदलू शकतात, आणि त्याला पर्याय शोधण्याचे प्रयत्न जगभर चालू आहेत. हे सर्व लपविल्याने वाचकाचे सोवळे राहत नाही, त्याचे अज्ञान मात्र राहते.

याच भूमीत याहून प्रामाणिक व्यवहार होऊन गेला आहे. १८९६ साली मुंबईत प्लेगची साथ आली तेव्हा वाल्डेमार हाफकिन यांनी लस तयार केली, आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती प्रथम स्वतःला टोचून घेतली. हिंदू व मुसलमान दोघांनाही चालावे म्हणून त्यांनी जंतूंचे अन्न शेळीच्या मांसापासून केले. रश्श्यावर तुपाचे थेंब तरंगत ठेवले की त्या थेंबांना लोंबून जंतू झुंबराच्या लोलकांसारखे वाढत. नंतर उष्णतेने ते मारीत. म्हणजे येथे प्रश्न उलटा होता: बाटलीतील सर्व काही खात्रीने मृत आहे काय? १९०२ साली पंजाबातील मलकोवाल येथे एका बाटलीतून लस टोचलेले १९ जण धनुर्वाताने दगावले. दोष मुंबईच्या प्रयोगशाळेचा ठरवून हाफकिन यांना दूर करण्यात आले. बाटली उघडताना तेथील मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट निर्जंतुक न करताच वापरला गेला, ही गोष्ट चौकशीत नोंदलेली असूनही तिचे वजन पडले नाही. रोनाल्ड रॉस प्रभृतींनी बाजू मांडल्यावर १९०७ साली ते निर्दोष ठरले. परळच्या त्या प्रयोगशाळेला १९२५ साली त्यांचे नाव मिळाले. शेळीचे मांस, तूप आणि चिमटा वगळून ही हकिकत सांगून पाहावी. ज्यांनी एका माणसाला दोषी ठरविले आणि पुन्हा निर्दोष केले, त्या गोष्टीच मग हकिकतीत उरत नाहीत.

परिभाषेचा दोष यात किती, असे कोणी विचारील. परिभाषा अडचणीची आहे खरी. मराठी विश्वकोशाच्या जुन्या खंडांत 'कोशिका' आढळते, महाराष्ट्रातील शाळांत 'पेशी' शिकवितात, आणि आमची मुले कन्नड शाळेतून 'जीवकोश' शिकून घरी येतात. टिश्यूला विश्वकोश 'ऊतक' म्हणतो, तर कन्नडात 'अंगांश' आहे. व्हायबिलिटीला शासकीय पत्रव्यवहारात 'व्यवहार्यता' म्हणतात, ते कारखान्याच्या योजनेला शोभेल, पेशीला नाही. 'जीवनक्षमता' त्यापेक्षा बरा, आणि शेतीखात्याचा 'उगवणक्षमता' तर फारच चांगला, कारण कोणती परीक्षा केली हे त्या शब्दातच आहे. १९७६ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या विश्वकोशाने प्रत्येक कठीण शब्दापाशी कंसात अर्थ देण्याची शिस्त पाळली, ही मोठीच सेवा आहे. मात्र कंसातील अर्थाने शब्द कळतो, कृती कळत नाही. ऊतक म्हणजे काय हे समजलेल्या वाचकालाही ते वाढवितात कसे हे ठाऊक नसते. शब्दांच्या वादात आम्ही इतकी वर्षे घालविली, की क्रियापदांकडे कोणी पाहिले नाही. मिसळले, धुतले, मोजले, तुलना केली, ही क्रियापदे मराठीत आहेतच.

सामान्य वाचकाला एवढा तपशील पेलत नाही, असा आक्षेप संपादकांकडून येतो. आम्हांला तो मान्य नाही. दाव्याच्या कागदातील चतुःसीमा तोंडपाठ असणारा, गोणपाटातील कोंब मोजणारा वाचक चार प्रश्न सहज पेलील. पेशी कोणाच्या? त्या कशात वाढविल्या? जिवंतपणा कोणत्या खुणेवरून ठरविला? आणि तुलनेला शेजारी काय ठेवले होते? या चार उत्तरांना लेखात चार ओळी पुरतात. मराठी विज्ञान परिषदेच्या १९६६ मधील स्थापनेपासून मराठीत विज्ञानलेखनाची चळवळ आहे. भाभा अणुसंशोधन केंद्रात जीवशास्त्रीय संशोधन केलेल्या बाळ फोंडके यांच्यासारखे, प्रयोगशाळेतून आलेले लेखकही तिला लाभले. तेव्हा हे मराठीत जमणार नाही असे म्हणण्यास जागा नाही.

आमच्यासारख्यांना याची निकड अधिक आहे. १ नोव्हेंबर १९५६ रोजी बिदर व गुलबर्गा जिल्हे म्हैसूर राज्यात आले. तेव्हापासून येथील मराठीच्या जिवंतपणाची मोजणी आम्ही सभासदांची संख्या आणि समारंभाची उपस्थिती यांवरून करीत आलो. ती निळ्या रंगाची परीक्षा झाली. दार शाबूत आहे एवढेच तिने कळते. घरात दुखणे आले असता त्याविषयी विचारण्याचे आणि पारखण्याचे काम जी भाषा करू शकत नाही, ती देवघरापुरती आणि लग्नपत्रिकेपुरती उरते. पुढची पिढी आपले अवघड प्रश्न मग कन्नडात किंवा इंग्रजीत विचारील, आणि तसे केल्याबद्दल तिला दोष देता येणार नाही.

त्या गृहस्थांना आम्ही त्या दिवशी एवढेच सांगितले की, या लेखावरून काही ठरविता येत नाही. हे चार प्रश्न लिहून घ्या आणि डॉक्टरांना विचारा. त्यांनी ते कात्रणाच्या पाठीवर मराठीत लिहून घेतले. भावजयीचे उपचार पुढे चालू राहिले. त्या मराठी प्रश्नांची उत्तरे डॉक्टरांनी इंग्रजीत दिली, असे त्यांनी पुढील बैठकीत सांगितले; ती मराठीत कशी लिहावीत, यावर त्या दिवशीची आमची चर्चा झाली.